अर्धी वडी

काल आप्पांनी प्रसाद दिला नव्हता, आणि आजही दिला नाही.

सारिका कोष्टी रिकामा हात घेऊन त्यांच्या खोलीतून बाहेर आली आणि व्हरांड्यात उगाचच रेंगाळली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईने खोबऱ्याच्या वडीच्या तुकड्यासाठी रुसून बसावं हे काही शोभत नाही, एवढं तिलाही कळत होतं. पण कळलं म्हणून वाईट वाटायचं थांबतं थोडंच?

मिरजेबाहेर, मालगाव रस्त्याला, 'निवांत' नावाचं वृद्धांचं निवासगृह होतं. सारिका तिथे सेविका. सकाळी प्रत्येकाला त्याची औषधाची वडी नेऊन द्यायची, ती पोटात जाईपर्यंत समोर उभं राहायचं, हे तिचं पहिलं काम. आप्पांच्या खोलीत मात्र या कामाला थोडा जास्त वेळ लागे. आप्पा वडी आधी पितळेच्या बाळकृष्णापुढे ठेवत, भोवती पाणी फिरवत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. मग तिचे दोन तुकडे करून एक स्वतः खात आणि दुसरा तिच्या तळहातावर ठेवत. "घे, तुझा वाटा," असं रोज म्हणत. यंदा उन्हाळ्याच्या आधीपासून हे असंच चाललं होतं, आणि सारिकाचा दिवस खरा सुरू व्हायचा तो त्या तुकड्यानंतरच.

काल आणि आज आप्पांनी अख्खी वडी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कारण तिला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. परवा संध्याकाळी निवासगृहाच्या फोनवर कुणीतरी आप्पांची चौकशी केली. आप्पा स्वतःजवळ फोन बाळगत नसत, म्हणून तीच फोन घेऊन खोलीत गेली. आप्पांनी बराच वेळ ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन परत दिला. कुणाचा होता, असं तिने विचारलं तर म्हणाले, चुकीचा नंबर. आता चुकीच्या नंबरावरचा माणूस 'अरविंद कुंभोजकर आहेत का' असं पूर्ण नावानिशी कशाला विचारेल? सारिकाने हसत हसत तेच बोलून दाखवलं. त्यावर आप्पांनी तिला, आपलं काम बघ, असं जे सुनावलं, ते तसं त्यांनी आजवर कधी कुणालाच सुनावलं नव्हतं.

रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये जन्म गेलेला हा माणूस. एक ट्रंक आणि तो बाळकृष्ण घेऊन स्वतःच्या पायांनी 'निवांत'मध्ये आला आणि, माझं कोणी नाही, असं सांगून राहिला. सारिकालाही वडील आठवत नव्हते. दोघांचं जमलं ते असं, कुणी न ठरवता. आपण नको तिथे नाक खुपसलं आणि जमलेलं घालवलं, हा घोर तिला परवापासून लागला होता.

आता या वडीबद्दल सांगायला हवं.

पूर्वी, म्हणजे सारिका या कामात नवी होती तेव्हा, औषधं गोळ्यांच्या ट्रेमधून यायची. माणूस तोच ना, औषध तेच ना, मात्रा तीच ना, वेळ तीच ना, असं मनाशी घोकत खोलीखोलीतून फिरायचं. एवढं करूनही चुका होत. एकदा दोन पाटीलबाईंनी खिडकीतल्या उन्हासाठी आपसात खाटा बदलल्या आणि एकीची साखरेची गोळी दुसरीच्या पोटात गेली. दुसरीला दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली, पण तेव्हापासून ट्रे हातात घेतला की सारिकाच्या तळव्यांना घाम फुटायचा.

मग यंत्र आलं. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण सगळे त्याला 'हलवाई' म्हणत. प्रत्येक रहिवाशाच्या दंडावर एक पट्टी असे. तिच्या केसाएवढ्या बारीक सुया कातडीखालचं पाणी तपासत आणि त्यावरून रक्तात कुठलं औषध किती उरलंय, हे हलवायाला कळे. पहाटे तो ज्याची त्याची मात्रा ठरवून सगळी औषधं खोबऱ्याच्या मिश्रणात थरांनी बसवी आणि एकेक वडी पाडी. औषध कमी पडतंय असं दिसलं की मात्रा थोडी वाढवायची, जास्त झालं की थोडी उतरवायची. एका दिवसाच्या आकड्यावर मोठी उडी मात्र मारायची नाही, असं त्याला शिकवलेलं होतं.

खरी करामत पुढेच होती. औषधाच्या प्रत्येक कणावर प्रथिनाचं एक कवच असे, आणि ते कवच उघडायला किल्ली लागे. किल्ली म्हणजे एक निरुपद्रवी रेणू, प्रत्येक माणसासाठी वेगळा बनवलेला. महिन्यातून एकदा तो नाकात फवारला की त्या माणसाच्या शरीरात टिकून राही. दुसऱ्या कुणी ती वडी खाल्ली तर कवच उघडतच नसे, औषध जसं आलं तसं बाहेर पडे. यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने सगळ्यांदेखत ताटभर वड्या मटकावल्या होत्या आणि वर ढेकर दिला होता. रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या. चुकीच्या माणसाला औषध आता लागूच शकत नाही, हे ऐकून सारिका त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

त्यामुळे आप्पांनी पहिल्यांदा अर्धी वडी तिच्या हातावर ठेवली, तेव्हा तिला खटकलं नाही. खरं तर ते औषध आहे हे तिच्या मनातही आलं नाही. देवापुढे ठेवून झालं की तो प्रसाद, आणि प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही.

दुपारच्या जेवणाची ताटं लागत असताना व्हरांड्यातल्या, पट्ट्यांचे आकडे दाखवणाऱ्या बोर्डावर आप्पांच्या नावापुढची रेघ लाल झाली. काल ती पिवळी होती, पण पिवळी रेघ रोज कुणा ना कुणाची असतेच. सारिका धावत गेली तेव्हा आप्पा खाटेच्या कडेला बसले होते. पायाशी उलटी झाली होती, आणि ते भिंतीवरून हात फिरवत होते.

"भिंतींना हळद कुणी लावली गं?" त्यांनी विचारलं. "कुणाचं लग्न आहे?"

तिने मनगट धरलं. ठोका सापडला, मग पुढचा येईपर्यंत इतका वेळ गेला की तिचाच जीव वरखाली झाला. तिने बेल दाबली.

व्यवस्थापिका तन्वी मॅडम आल्या. वयाने सारिकाच्या लेकीएवढ्या, हुशार, एरवी कशाला न डगमगणाऱ्या. त्यांनी खोलीतल्या पडद्यावर डॉक्टर रुबीना मुजावर यांना बोलावलं. या डॉक्टरबाई मिरजेच्या दवाखान्यातून सगळ्या रहिवाशांवर लक्ष ठेवत. त्यांनी आकडे पाहिले, परत पाहिले. हृदयाचे ठोके ताब्यात ठेवणारं औषध आप्पांच्या रक्तात भलतंच चढलं होतं. सगळं पिवळं दिसणं, ओकारी, बरळणं ही त्याचीच लक्षणं होती. पण ते चढलं कसं?

वडी चुकली म्हणावं, तर हलवाई सांगत होता की ती आप्पांचीच होती, जवळपास नेहमीच्याच मात्रेची. सारिकाने ती भलत्याला दिली म्हणावं, तर दारावरची नोंद सांगत होती की वडी बरोबर याच खोलीत आली. तरी सारिकाने मनातल्या मनात सकाळ पुन्हा पालथी घातली. शेजारच्या खोलीची वडी इकडे आली असेल का? आली असती तरी किल्लीशिवाय लागली नसती. दोन दिल्या असतील का? यंत्र एकच पाडतं. माणूस बरोबर, औषध बरोबर, वेळ बरोबर, सगळंच बरोबर असताना समोरचा माणूस बुडत चालला होता.

हलवायाचं स्वतःचं म्हणणं होतं की आप्पांच्या मूत्रपिंडांनी औषध बाहेर टाकायचं थांबवलं आहे. उपायही त्याने मांडला होता. दवाखान्यात न्या, मानेतून नळी घाला आणि रक्त यंत्रातून गाळून घ्या. डॉक्टर मुजावरांना ते पटत नव्हतं. या वयात, इतक्या मंद ठोक्यांवर ती नळीच जिवावर बेतायची शक्यता होती. पण मूत्रपिंडं खरंच थकली असतील तर दुसरा मार्ग नव्हता. लघवी तर नीट होतेय, असं तन्वी मॅडम म्हणाल्या, आणि सगळे आणखीच चक्रावले. तरी त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला.

काल आणि आज काही वेगळं घडलं का, असं डॉक्टरांनी विचारलं. जेवणात, पाण्यात, झोपेत, कशातही. तन्वी मॅडमनी मान हलवली. सारिका गप्प राहिली. जे वेगळं घडलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, एका बाईचा रुसवा तो. पण आप्पांची मान एका बाजूला कलली तसा तिला धीर धरवेना.

"माझ्यावर रागावलेत ते," ती म्हणाली. "दोन दिवस झालं, प्रसाद दिला न्हाई."

तन्वी मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं की ती ओशाळली. डॉक्टर मात्र पडद्यातून पुढे झुकल्या. "कसला प्रसाद?"

"वडीचा. रोज देवाम्होरं ठेवत्यात, अर्धी आपण खात्यात, अर्धी मला देत्यात. मला लागत न्हाई ना त्ये औषध, किल्ली न्हाई म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गेल्या काही महिन्यांतल्या मात्रेचा आलेख पडद्यावर ओढला. त्यावरची रेघ पायरीपायरीने वर चढत गेलेली होती. त्या जणू स्वतःलाच सांगत होत्या. आप्पा पहिल्यापासून अर्धीच वडी खात होते, म्हणून रक्तात औषध कमी पडत होतं. कमी पडतंय म्हणून यंत्र मात्रा वाढवत गेलं, त्यांच्या अर्ध्या वडीत पूर्ण मात्रा बसेपर्यंत. वय झालंय, पचन मंदावलंय, असं समजून त्या वाढीवर डॉक्टर मुजावरांनी स्वतःच मान डोलावली होती. काल आणि आज आप्पांनी अख्खी वडी खाल्ली, म्हणजे रोजच्या दुप्पट. मूत्रपिंडं ठणठणीत होती.

"नळी नको," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं चालू आहेत, म्हणजे औषधाचा उतारा टोचला तरी पुरेल. रुग्णवाहिकेतून पाठवते. तिथेच टोचू."

सारिका खुर्चीवर बसली. डॉक्टरांचा शब्द न् शब्द तिला कळला होता, पण सगळं मिळून काय झालं ते डोक्यात शिरत नव्हतं. तिने प्रसाद खाल्ला म्हणून आप्पा आजारी पडले, की खाल्ला नाही म्हणून? दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल हे तिला उमगेना. रोज सकाळी जो घास ती मायेचा म्हणून गिळत होती, तो हिशोबात आप्पांच्या औषधात कुणीतरी पाडलेलं भगदाड निघाला होता.

उतारा टोचला गेला. दुपार कलली तसे ठोके हळूहळू जवळ आले, पण आप्पा अजून धुक्यातच होते. कधी सिग्नल पडला का म्हणून विचारत, कधी बाळकृष्णाला पाणी दे म्हणत.

आता प्रश्न उद्याचा होता. यंत्राला काय सांगायचं, आप्पा पूर्ण वडी खाणार की अर्धी? डॉक्टर म्हणाल्या की मात्रा निम्मी करणं सोपं आहे. पण निम्मी केली आणि ह्यांनी पुन्हा वाटून खायला सुरुवात केली, तर पोटात लागते त्याच्या निम्मीच मात्रा जाईल, ठोके बेताल होतील, रक्ताची गाठ होऊन मेंदूत जाईल. मग आज वाचवून काय उपयोग? तन्वी मॅडम म्हणाल्या, आपण वाटायला बंदी करू. डॉक्टर जराशा हसल्या. त्यांची आजी दर्ग्यातून आणलेली साखर घरातल्या सगळ्यांच्या हातावर ठेवल्याशिवाय स्वतःच्या तोंडात टाकत नसे, आणि तिला कुणाच्या बंदीने थांबवलं नसतं. त्यांना माहीत हवं होतं ते एवढंच, की आप्पांनी दोन दिवस वाटणं का थांबवलं, आणि पुन्हा कधी सुरू करणार.

ते विचारायला सारिका खाटेपाशी बसली. बसल्यावर तिचं लक्ष बाळकृष्णाकडे गेलं. परवाची फुलं सुकून तशीच होती. दिव्यातली वात पेटलेली नव्हती, देवाला आंघोळ नव्हती. तिच्यावरचा राग आप्पांनी देवावर कशाला काढला असता? ती काल आणि आज सकाळी या खोलीत येऊन गेली होती, पण आपल्या रुसव्यापायी तिला समोरचा देव दिसला नव्हता.

"आप्पा, पूजा का न्हाई केली?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे.

"अगं, सुतक आहे मला. देवाला हात कसा लावू? आणि माझ्या हातचं तुला कसं देऊ?"

सारिकाला वाटलं, हेही धुक्यातलंच बोलणं. ज्याला कोणी नाही, त्याला कुणाचं सुतक? पण तिने विचारलं, आणि आप्पांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं. धाकटा भाऊ होता, श्रीकांत, घरात शिरू म्हणत. आप्पांची बदली लांब कुर्डुवाडीला असताना शिरूने आईला आश्रमात ठेवलं, आणि ती तिथेच गेली. आप्पांनी त्या दिवसापासून भावाशी नातं तोडलं, विचारील त्याला सांगत गेले की मला कोणी नाही. पुढे स्वतः म्हातारे झाल्यावर, आपल्याला कुणी कुठे नेऊन ठेवायची वेळ येऊ नये, म्हणून आपणच ट्रंक उचलून इकडे आले. परवा पुतण्याचा फोन होता. शिरू गेला.

"पण नातं तोडलं होतं न्हवं तुम्ही?" सारिकाने विचारलं.

"तोडलं होतं," आप्पा म्हणाले. "सुतक लागतंच."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. सारिकाने ते पदराने टिपलं. आप्पा आपल्यावर रागावलेले नव्हते, हे कळून तिला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाची तिला लगेच लाज वाटली. एक माणूस एकटाच भावाला रडत होता, आणि ती दारात उभी राहून आपल्या वाट्याच्या तुकड्याचा हिशोब करत होती.

तिने बाहेर येऊन सांगितलं. सुतकाचे दहा दिवस सरेपर्यंत आप्पा पूर्ण वडी खातील, मग पुन्हा पूजा आणि पुन्हा नैवेद्य. डॉक्टरांनी यंत्रात मात्रा बसवली आणि म्हणाल्या, "ताई, अकराव्या दिवशी देवापुढे खडीसाखर ठेवायला सांगा. ती वाटू देत सगळ्यांना. वडी मात्र त्यांची त्यांनाच." यात कुणाला दोष द्यायचा तर निम्मा माझा आहे, असंही त्यांनी तन्वी मॅडमना ऐकवलं. तन्वी मॅडम नरम आवाजात बोलल्या, पण बोलल्या ते असं, की उद्या कंपनीची आणि विश्वस्तांची माणसं येतील, चौकशी होईल, तोवर सारिकाने घरीच थांबावं. पुन्हा कधी यायचं ते कळवू, किंवा कळवणार नाही, यातलं नेमकं काय त्यांना म्हणायचं होतं ते सारिकाला समजलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसावं.

निघायच्या आधी ती आप्पांच्या खोलीत डोकावली. ते जागे होते. उद्या येशील ना, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दिवसभर मनात घोळत असलेलं एक, अर्धं थट्टेत आणि अर्धं खरं, तिच्या तोंडून निघून गेलं.

"आप्पा, मग मला लागतं का हो सुतक?"

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत बराच वेळ मनाशी काहीतरी जुळवत राहिले.

"लग्न झालेल्या लेकीला चुलत्याचं धरत नाहीत," ते म्हणाले. "नुसती आंघोळ. घरी गेलीस की डोक्यावरून पाणी घे. तोवर स्वयंपाकघरात जाऊ नकोस."

सारिका दारातच थांबली. आप्पांना मूलबाळ नव्हतं. हे ते तिला म्हणाले, की औषधाच्या धुक्यात दिसलेल्या दुसऱ्या कुणाला? व्हरांड्यातल्या बोर्डावर आप्पांच्या नावापुढची रेघ आता कुठल्या रंगाची आहे ते पाहिलं असतं, तर ते कितपत शुद्धीवर आहेत याचा अंदाज आला असता. बोर्ड जाता जाता वाटेवरच होता. ती खाली बघत त्याच्यासमोरून निघून गेली.

घरी नवरा नुकताच आला होता आणि चहाची वाट बघत बसला होता. सारिका चपला काढून तडक न्हाणीघरात गेली. बादली भरली, अंबाडा सोडला आणि तांब्याने डोक्यावर पाणी ओतलं. आवाज ऐकून तो दारापाशी आला.

"आत्ता, तिन्हीसांजंला डोक्यावरनं? कोण गेलं गं?"

"चुलते," ती आतून म्हणाली.

"तुला कुठनं आलं चुलते?"

तिने आणखी एक तांब्या ओतला. पाणी गार होतं, आणि रडण्याचा आवाज त्यात दबून जात होता.

"हुते," ती म्हणाली. "मलाबी आजच कळलं."